‘दुष्काळ सहनशील’ मकेची पिशवी: दोन खरीप वापरून

पिशवीवरची माहिती सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे दिवस-उंची-दाण्याचा रंग सोडतो. आमचं रान जत तालुक्यात, डफळापूरकडं, म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आलं तर आलं. चार किलोची पिशवी साडेसोळाशेला घेतली तेव्हा घरी येईपर्यंत जीव खालीवर, कारण आमचा नेहमीचा वाण अकराशेत मिळतो. अर्धा एकर ही, शेजारी अर्धा एकर जुनी.

ऐन तुऱ्यावर पाऊस गेला तो 19 दिवस. दुपारी पानं पिपाणीसारखी वळायला लागली, दोन्हीकडं सारखीच. माझं डोकं फिरलं. दुकानदाराला फोटो पाठवले, मग कंपनीचं पोरगं मोटारसायकलवरून आलं, बांधावरूनच बघितलं आणि म्हणतंय एक पाणी द्यायला पाहिजे होतं. अरे पाणी असतं तर तुझी पिशवी कशाला घेतली असती!

एक स्टार देणार होतो. पण काढणीला जुन्या मकेची कणसं सोलली तर म्हाताऱ्याच्या बोळक्यासारखी, दोन दाणे इथं चार तिथं, आणि हिची फक्त शेंडं मोकळी. मग दुसऱ्या वर्षी हट्टानं दोन्हीकडच्या वीस-वीस ताटांना सुतळी बांधली आणि रोज सकाळी मोजत बसलो. तुऱ्यातनं पराग उडायला लागल्यापासून कणसाचे केस बाहेर पडायला जुनीला पाण्याच्या ताणात सहा-सात दिवस लागले, हिला दोन-तीन. सगळी गंमत एवढीच. एक केस म्हणजे एक दाणा, केस येईपर्यंत प्लॉटमधला पराग संपला की तो दाणा गेला, मग नंतर कितीबी पाणी पाजा.

मला वाटायचं मुळं खोल जात असणार. तसं नाही म्हणे. मेक्सिकोत सिमिट या मका-गव्हाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं 1975 पासून तुश्पेन्यो नावाच्या तिथल्या मकेची निवड केली ती कोरड्या हंगामात, ऐन फुलोऱ्यात पाणी तोडून, आणि अशा ताणातही ज्या झाडांचे केस वेळेत आले ती पुढं धरली. आठ फेऱ्यांनंतर तुरा लहान झाला, वरच्या थरातली मुळं तर कमीच भरली, पण कणसाच्या वाट्याला जास्त आलं. ताणात झाड पोटच्या कणसाला उपाशी ठेवून डोक्यावरचा तुरा मिरवतं, ती खोड मोडली.

आता शिव्या. उगवणीला ताण बसला तर ही पण मरते, मी नांगे (न उगवलेल्या जागा) भरलेत. लष्करी अळी हिला काही सोडत नाही. विहिरीजवळच्या सऱ्यांत पाणी होतं तिथं दोन्ही सारख्याच पिकल्या, म्हणजे तिथले जादाचे साडेपाचशे पाण्यात. आणि काटकसर म्हणून घरचं बी धरून चार सऱ्या टाकल्या तर एक ताट कमरेला, एक डोक्यावर, केस येतील तेव्हा येतील. संकरित आहे, माहीत होतं, तरी टाकलं.

यंदा दुकानदार साडेअठराशे सांगतोय. एकच पिशवी घेणार, ती पण वरच्या माळावर. विहिरीजवळ अकराशेवालीच.