मॅक्रो लेन्स (अगदी जवळून लहानग्या गोष्टी मोठ्या टिपणारी) तर घेतली. आता ट्रायपॉड की फ्लॅश?

दोन्ही एकदम घेणं जमत नसेल, तर आधी एक ठरवा: तुमचा जीव फुलांवर, अळंब्यांवर, दवावर आहे की किड्यांवर?

बाहेर मॅक्रो करताना पहिला वैरी वारा. गालाला जाणवणारही नाही अशी झुळूक येते आणि व्ह्यूफाइंडरमध्ये गवताचं पातं झोके घेऊ लागतं. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ ला, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा वस्तूएवढीच असताना, लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं लहान ठेवलं, तरी स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सव्वा मिलिमीटरचा. मुंगीचा डोळा सापडला की तिचं पोट धूसर. वर इतक्या जवळून टिपताना प्रकाश दोन स्टॉपनी घटतो, म्हणजे पावपट होतो, एफ/११ ला एफ/२२ इतकाच उरतो. मग शटर मंद करा, नाहीतर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) चढवा.

ट्रायपॉड कॅमेरा स्थिर धरतो, फूल नाही. हे कळायला मला बरेच दिवस लागले. एकदा टाचणीसाठी (चतुरासारखा बारीक अंगाचा किडा) ट्रायपॉडचे तिन्ही पाय जुळवत बसलो, आणि शेवटचा पाय नेमका ती बसलेल्या काडीलाच लागला. गेली उडून! पण पहाटे हाच ट्रायपॉड सोन्यासारखा. हवा पडलेली असते. गारठलेले चतुर आणि फुलपाखरं अंग तापेपर्यंत जागची हलत नाहीत, पंखांवर दवाचे थेंब तसेच असतात. फोकस थोडा थोडा सरकवत वीसेक फ्रेम घ्या आणि नंतर एकत्र जोडा. सव्वा मिलिमीटरची अडचण सुटते. मागचा हिरवा रंगही मऊ उतरतो. ऊन चढलं की मात्र खेळ संपला.

फ्लॅशचं गणित वेगळं. ताकद सोळाव्या हिश्श्यावर आणली की त्याची लकाकी सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाहून कमी वेळात आटोपते. शटर १/२०० असलं तरी चित्र उमटतं ते त्या लकाकीत, त्यामुळे हाताचा कंप आणि वारा दोन्ही गोठतात. भर दुपारीही, धावणाऱ्या कोळ्यामागे गुडघ्यांवर सरकत फोटो काढता येतात. फोकस मात्र तुमचा तुम्हालाच साधावा लागतो: अंग किंचित पुढेमागे डोलवायचं, दहा काढायचे, एक ठेवायचा.

फ्लॅशचा उजेड पसरवणारा पडदा, म्हणजे डिफ्यूझर, नसेल तर भुंगेऱ्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग ठरलेला. डिफ्यूझर किड्याच्या जितका जवळ आणि मोठा, तितका उजेड मऊ. आणि मागे काही जवळ नसेल तर पार्श्वभूमी काळी ठिक्कर येते. दुपारचा फोटो अमावस्येचा वाटतो. त्यावर उपाय म्हणजे मागे पान येईल असा कोन शोधणं, किंवा आयएसओ थोडा वाढवणं.

किड्यांचा नाद असेल आणि पहाटे उठणं होत नसेल, तर डोळे मिटून फ्लॅश आणि डिफ्यूझर घ्या. फुलं आणि अळंब्या असतील तर ट्रायपॉड, पण मधला दांडा काढता येणारा. नाहीतर कॅमेरा अळंबीच्या उंचीला उतरतच नाही.