‘शझॅम!’ (1973–1978): कॅप्टन मार्व्हलचे पुनरागमन

डीसी कॉमिक्सची ‘शझॅम!’ ही 35 अंकांची मालिका वाचण्यापूर्वी तिच्यामागचा इतिहास ठाऊक असावा, कारण ज्या संस्थेने न्यायालयात जाऊन कॅप्टन मार्व्हलच्या मागे खटला लावला, तिनेच त्याला येथे सन्मानाने परत आणले आहे. लेखक बिल पार्कर आणि चित्रकार सी. सी. बेक यांचा हा नायक 1940 साली फॉसेट प्रकाशनाच्या ‘व्हिझ कॉमिक्स’मधून वाचकांसमोर आला. बिली बॅटसन हा अनाथ मुलगा ‘शझॅम’ असे उच्चारतो, वीज कोसळते आणि त्याच्या जागी बलाढ्य प्रौढ नायक उभा राहतो, ही कल्पना मुलांना इतकी भावली की चाळीसच्या दशकात या नायकाचा खप सुपरमॅनच्याही पुढे गेला. तो डीसीच्या सुपरमॅनची नक्कल असल्याचा दावा 1941 मध्ये दाखल झाला आणि अखेर 1953 मध्ये फॉसेटने तडजोड करून त्याच्या कथा थांबवल्या. डीसीने 1972 मध्ये त्याच्या कथांचा परवाना घेतला, तेव्हा मार्व्हल कॉमिक्सचा याच नावाचा वेगळा नायक 1967 पासून बाजारात होता. त्यामुळे नायकाचे नाव तेच ठेवून मालिकेला जादूच्या शब्दाचे नाव द्यावे लागले.

वीस वर्षांची ही पोकळी पहिल्या अंकात लेखक डेनी ओ’नील यांनी फार कल्पकतेने भरून काढली आहे. दुष्ट शास्त्रज्ञ सिवाना याने सगळ्या मार्व्हल कुटुंबाला काळ थांबवणाऱ्या एका पदार्थाच्या गोळ्यात बंदिस्त केले होते आणि त्यात तो स्वतःही अडकला, म्हणून कोणाचेच वय वाढले नाही. चित्रे पुन्हा बेक यांचीच आहेत. त्यांची स्वच्छ, मोजकी रेषा आणि मोकळी पार्श्वभूमी पाहिली की या नायकाला दुसरी शैली शोभणे किती कठीण आहे, हे लगेच पटते.

नव्या कथा मात्र या चित्रांच्या तोडीच्या नाहीत. जुन्या कथांमधला निरागसपणा नव्या कथांच्या लेखकांनी बालिशपणा समजून उचलला, असे मला ठामपणे वाटते. बेक यांनाही या संहिता मान्य नव्हत्या आणि दहाव्या अंकानंतर त्यांनी मालिका सोडली.

मालिकेची खरी दौलत आहे ती फॉसेटच्या काळातील पुनर्मुद्रित कथांमध्ये, विशेषतः 100 पानी अंकांत. बिलीची जुळी बहीण मेरी आणि कुबडी घेऊन चालणारा फ्रेडी फ्रीमन यांच्यामुळे या नायकाभोवती खरेखुरे कुटुंब उभे राहते. फ्रेडीला ‘कॅप्टन मार्व्हल’ हे शब्द उच्चारल्यावर शक्ती मिळते, त्यामुळे कॅप्टन मार्व्हल ज्युनियर झाल्यावर त्याला स्वतःचे पूर्ण नावही सांगता येत नाही! इतकी साधी आणि इतकी चतुर अडचण नव्या कथांमध्ये क्वचितच सापडते.

शेवटच्या दोन अंकांत चित्रशैली अचानक वास्तववादी होते. ॲलन वाइस आणि डॉन न्यूटन यांचे रेखाटन उत्तम असले, तरी ते जणू दुसऱ्याच नायकाचे वाटते. सलग 35 अंक वाचण्याची गरज नाही. पहिला अंक, बेक यांचे पुढील अंक आणि 100 पानी अंक मिळवावेत, आणि त्यांतील जुन्या कथा आधी वाचाव्यात.