वाकड्या दांड्याचा बिअर चमचा: थर जमतात, पण स्टाउट बघून घ्या

खाली सोनेरी लागर, वर काळी स्टाउट, असे दोन बिअरचे थर ग्लासात उभे करायला हा स्टीलचा चमचा. दांडा मधेच वाकवलेला असल्यामुळे तो ग्लासच्या काठावर अडकतो आणि दुसरा हात मोकळा राहतो. सगळी किंमत त्या बाकाची. कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरून जाड पत्र्याचा साधा मोठा चमचा आणून पकडीने वाकवला तरी तेच काम होतं. फोडणीची पळी मात्र नको. ती फार खोल, पाठीवरून धार पसरत नाही, एका जागी कोसळते.

अर्धा लिटरच्या ग्लासात आधी 250 मिली लागर जरा जोरात ओता. दोन बोटं फेस हवाच, कारण तोच स्टाउटची धार झेलतो. अर्धा मिनिट थांबा. मग चमचा पालथा, फेसाच्या अगदी जवळ धरून त्याच्या पाठीवर स्टाउट सोडा, करंगळीएवढी बारीक धार. धार जाड झाली की सगळं तपकिरी झालंच म्हणून समजा.

इतकं करूनही थर मोडतो, तेव्हा दोष बहुधा चमच्याचा नसतो. काळी म्हणजे जड, हा समज चुकीचा. गिनेस ड्राफ्टसारखी 4.2 टक्के अल्कोहोलची कोरडी (म्हणजे गोड नसलेली), नायट्रोजनवाली स्टाउट लागरपेक्षा हलकी, म्हणून तरंगते. गोड, कडक स्टाउट सरळ तळ गाठते. फेस निवलेल्या लागरमध्ये चमचाभर टाकून बघा, लगेच कळेल. दोन्ही बाटल्या सारख्याच गार हव्यात, कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये तर ग्लासही.