पोव्हिडोन आयोडीन, १० टक्केवाली बाटली: मुंगसानं चावलेल्या कोंबड्यावर वापरली

आम्ही नागपुरात बेसा साइडला राहतो, घरामागं रिकामे प्लॉट अन् झुडपं, तं मुंगूस नेहमीचंच. जुलैत एका सकाळी ७ वाजता कोंबड्या ओरडायला लागल्या म्हणून धावलो तं आमचा कोंबडा, राजा, हा मुंगूस अन् कोंबड्यांच्या मधात उभा, मला पाहून मुंगूस पळालं पण याची मान रक्तानं माखलेली. वरून ओरखडाच वाटत होता. पिसं ओली करून बाजूला सारली तेव्हा मानेमागं तुरीच्या दाण्याएवढी २ खोल भोकं दिसली, माझे हात थरथरायला लागले.

आधी सलाईननं जखम धुतली अन् मंग हे पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे जखमेवरचं जंतुनाशक औषध, लावलं. बाटलीतलं सरळ ओतू नका बरं, १ झाकण औषधाला १० झाकणं उकळून गार केलेलं पाणी घ्यायचं, रंग पातळ कोऱ्या चहासारखा आला पाहिजे, कारण घट्ट औषधानं नवीन भरणारं मांसच खराब होते. पातळ केलेलं फार झोंबत नसावं, राजानं एकदा मान झटकली अन् माझ्या मांडीवर गप्प बसला. दिवसातून २ वेळा लावलं, चिघळलं नाही, ५-६ दिवसांत कोरडी खपली धरली. डाग मात्र कपड्यावर पक्के बसतात, जुना टॉवेल घ्या.

पण एकट्या या बाटलीच्या भरवशावर राहू नका. दाताची भोकं वरून बुजतात अन् आत पू होतो, म्हणून त्याच दिवशी सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात नेलं, वजन करून अँटिबायोटिक दिलं ते सांगितले तेवढे सगळे दिवस पाजलं. डॉक्टरांनी एक सांगितलं ते मला खरंच माहीत नव्हतं, आपल्या घरात दुखणं बधिर करणारं लिग्नोकेन किंवा बेन्झोकेनचं मलम असते ते पक्ष्याला लावायचं नाही, त्यांना ते लवकर बाधू शकते. हायड्रोजन पेरॉक्साईडपण रोज रोज नको. आई हळद दाबायला निघाली होती, तिला थांबवलं, खोल भोकात पावडर गच्च बसली की धुणं कठीण.

पहिल्या रात्री त्याचं अंग थंड पडलं होतं, तुरा फिका, म्हणून खोक्यात जुनी चादर, थोड्या अंतरावर बल्ब अन् इलेक्ट्रॉलचं पाणी ठेवलं. बाकीच्यांपासून वेगळाच ठेवला, लाल दिसलं की कोंबड्या टोचा मारून मारून जखम वाढवतात. पावसाळ्यात माशा बसून आळ्या पडतात म्हणून खोक्यावर मच्छरदाणी टाकली, अन् रोज टॉर्च लावून पिसांखाली पाहायचो.

माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार, १ कापला तो डागांसाठी. कंपनी कोणतीही घ्या, लेबलवर पोव्हिडोन आयोडीन अन् टक्के पाहून घ्या, एक्स्पायरी पण. राजाच्या मानेवर आता पिसांचे कोंब आले आहेत. खुराड्याची षटकोनी जाळी काढून अर्ध्या इंचाची वेल्डमेश (वेल्डिंग केलेली तारेची जाळी) लावली, खालून उकरून येऊ नये म्हणून फूटभर जमिनीत पुरली.