फ्लेम मेपलच्या नावाखाली व्हिनियर: गिटारचं लाकूड मागवणाऱ्यांनी हे वाचा

गिटारसाठी कोणी तुम्हाला ‘जोड लावून तयार’ असलेला फ्लेम मेपलचा, म्हणजे पट्टेदार मेपल लाकडाचा टॉप (गिटारच्या दर्शनी बाजूची फळी) विकत असेल आणि त्याच्या चारही कडा जाड मेणाने झाकलेल्या असतील, तर पैसे देण्याआधी एक कड खरवडून दाखवायला सांगा. तो नाही म्हणाला तर व्यवहार तिथेच सोडा. माझे साडेअठ्ठावीस हजार रुपये गेले, एका गिऱ्हाइकाची गिटार रखडली, आणि तोच माणूस आता वेगळ्या नावाने, तोच फोटो लावून तोच माल विकतो आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

पुण्याजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे. दुरुस्तीची कामं जास्त असतात आणि मोजक्याच गिटार मी अगदी कच्च्या लाकडापासून स्वतः बनवतो. या वेळची ऑर्डर कोरीव टॉपच्या इलेक्ट्रिक गिटारची होती, गिब्सन कंपनीच्या लेस पॉल या मॉडेलच्या घराण्यातली. या प्रकारात खाली महोगनीची जाड बॉडी असते, तिच्यावर मेपलची फळी चिकटवतात आणि मग ती फळी कोरून मध्यभागी फुगीर, कडेकडे उतरती करतात. माझ्या आराखड्यात टॉप मध्यावर १५ मिलिमीटर आणि कडेजवळ ६ मिलिमीटर होता. म्हणजे कडेला ९ मिलिमीटर लाकूड पटाशीने काढून टाकायचं. या ९ मिलिमीटरांतच सगळी लबाडी उघडी पडली.

फ्लेम म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय फसवणूक कळणार नाही. मेपलच्या काही खोडांमध्ये तंतू सरळ न वाढता नागमोडी वाढतात. फळी कापली की कुठे तंतूंची टोकं वर येतात, कुठे त्यांची बाजू. दोन्हींवर प्रकाश वेगळा पडतो आणि आडवे गडद-फिके पट्टे दिसतात. फळी फिरवली की गडद पट्टा उजळतो आणि उजळ पट्टा काळवंडतो. हा वरून दिलेला रंग नसतो, ही नागमोड लाकडाच्या पूर्ण जाडीत असते, म्हणून कितीही कोरलं तरी पट्टे जात नाहीत. व्हायोलिनच्या पाठीला असं मेपल शेकडो वर्षं वापरलं जातं. गिब्सनची लेस पॉल १९५२ साली आली तेव्हा टॉपवर सोनेरी रंग असायचा, खालचं लाकूड कसं आहे ते दिसायचंच नाही. १९५८ ते १९६० या काळात त्यावर पारदर्शक सनबर्स्ट रंग (मध्यभागी उजळ, कडेला गडद) आला, मेपल दिसू लागलं, आणि त्यातल्या ठळक पट्ट्यांच्या गिटारना आज अफाट किंमत आहे. आवाजात फ्लेमचा वाटा नसतो असं माझं स्पष्ट मत आहे. पण गिऱ्हाईक त्या पट्ट्यांचे पैसे मोजतं, आणि पैसे मोजले की ते खरे असायलाच हवेत.

विक्रेता परराज्यातून माल पाठवायचा, पण मराठी अस्खलित बोलायचा. “दादा, मी पण कारागीरच आहे, तुम्हाला काय लागतं ते मला नीट कळतं,” हे त्याचं पहिलंच वाक्य. फळीवर थिनरचा बोळा फिरवून पट्टे कसे उठतात, फळी कलती केली की कसे हलतात, याचा व्हिडिओ त्याने पाठवला. पट्टे खरोखर हलत होते. टॉपचे ९,०००, ‘भट्टीत सुकवलेल्या होंडुरास महोगनी’च्या बॉडीचे ११,००० आणि ‘हाताने गुंडाळलेल्या’ अल्निको चुंबकाच्या हमबकर पिकअपच्या (तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारा दोन गुंडाळ्यांचा भाग) जोडाचे ८,५०० रुपये ठरले. कुरिअर वेगळं. निम्मे पैसे आधी, उरलेले पार्सल निघताना, सगळे यूपीआयवर. बिलावर दुकानाचं नाव होतं आणि पैसे भलत्याच व्यक्तीच्या खात्यात गेले.

माल दिसायला देखणा होता. टॉपच्या दोन्ही बाजू घासून काचेसारख्या सपाट केलेल्या, त्यामुळे रंधा मारायची गरजच उरली नव्हती. ही सोय नव्हती, सापळा होता. कडांना मेण होतं, आणि ते पाहून कुणालाही शंका येणार नाही, कारण महागडं लाकूड सुकताना टोकांना चिरू नये म्हणून मेण लावायची पद्धत जगभर आहे. बॉडीच्या लाकडाला मी ओलावा मोजायचं मीटर लावलं, ९ टक्के आलं. टॉप बॉडीवर चिकटवला, रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवला आणि बँडसॉवर गिटारचा आकार कापला. कापलेल्या कडेवर करवतीचे चरे असतात, आणि बाजूने पाहताना फ्लेम तशीही ठळक नसते, म्हणून तेव्हाही काही लक्षात आलं नाही.

मग गोल धारेची पटाशी घेऊन खालच्या कडेपासून कोरायला सुरुवात केली. पहिल्या ढलप्यांवर पट्टे होते. त्याच जागी पटाशी पुन्हा फिरवली आणि खालून निघालेली ढलपी कोरी निघाली. हात थांबवून खाचेत टॉर्च मारला. खाचेच्या भिंतीत सगळ्यात वर पुठ्ठ्याएवढा पातळ पिवळट थर, त्याच्याखाली गोंदाची केसासारखी चकचकीत रेघ, आणि तिच्याखाली फिकट, सपाट, एकही पट्टा नसलेलं दुसरंच लाकूड. कॅलिपरने थर मोजला, ०.६ मिलिमीटर. फर्निचरवर चिकटवतात तो लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनियर. कापून उरलेला तुकडा उलटा करून पाहिला तर खालच्या बाजूलाही तसंच व्हिनियर होतं. गिऱ्हाइकाने फळी कुठूनही पाहिली तरी पट्टे दिसावेत, एवढा विचार करून केलेलं काम होतं ते.

म्हणूनच फळी हलवून पट्टे हलतात का पाहा, हा सल्ला इथे कामाचा नाही. वरचं व्हिनियर खऱ्या फ्लेम मेपलचंच होतं, त्यामुळे पट्टे खरेच हलणार. ती परीक्षा छापील कागद चिकटवलेल्या स्वस्त गिटार ओळखायला ठीक आहे.

संशय आला म्हणून बॉडीही तपासली. आकार कापताना उरलेला एक तुकडा मधोमध चिरला आणि आतल्या बाजूला मीटर टोचलं. काटा खूप वर गेला. मीटरवर भरवसा नको म्हणून आतल्या भागाचा एक तुकडा काट्यावर तोलला, ८४ ग्रॅम. मग ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोडं वर ठेवून, वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवला. ६९ ग्रॅमवर थांबला. गेलेलं वजन भागिले सुकं वजन, म्हणजे जवळजवळ २२ टक्के ओलावा. गिटारला साधारण ६ ते ८ टक्के ओलाव्याचं लाकूड घेतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात सुकं लाकूडही थोडं फुगतं हे खरं, पण २२ टक्के म्हणजे ते लाकूड नीट सुकलेलंच नाही. वरचा थर तेवढा गरम हवेने कोरडा केलेला, आणि टोचायच्या मीटरच्या पिना काही मिलिमीटरच आत जातात. अशा बॉडीवर कोरडा टॉप चिकटवला की खालचं लाकूड आकसत जातं आणि बॉडी वाकते. माझी बॉडी तेवढ्यातच एका बाजूला उचलायला लागली होती, पट्टी लावली तर खालून उजेड दिसत होता.

दोन्ही तुकडे घेऊन भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलो. वखारीतल्या एका जुन्या माणसाने टॉपच्या तुकड्याचं टोक ब्लेडने साफ कापलं आणि सांगितलं, “हे रबराचं लाकूड. केरळातून येतं.” मेपलची छिद्रं इतकी बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना टोक गुळगुळीत दिसतं. रबरवुडमध्ये ती दिसतात, आणि फळीवर बारीक ओरखड्यांसारख्या रेघा उमटतात. बॉडीच्या टोकावर भिंग धरलं तर पांढऱ्या ठिपक्यांच्या बारीक ओळी होत्या. त्या राळेच्या नळ्या, मेरंटी या लाकडाची खूण. म्हणजे बॉडीही महोगनीची नव्हती. रबरवुड किंवा मेरंटी ही काही वाईट लाकडं नव्हेत, त्या नावाने आणि त्या भावाने विकली असती तर माझी काहीच तक्रार नव्हती.

खरी होंडुरास महोगनी २००३ पासून ‘साइटीस’च्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) यादीत आहे, म्हणजे आयात कागदपत्रांशिवाय होत नाही. विक्रेता फक्त ‘जुना स्टॉक आहे’ एवढंच सांगत असेल तर ते उत्तर नाही. आपल्याकडेही आता महोगनीची लागवड होते, तेव्हा लाकूड कुठलं आहे ते स्पष्ट सांगा, असं विचारण्यात संकोच नको.

पिकअपचं थोडक्यात सांगतो. मल्टिमीटरवर रोध ७.९ आणि ८.२ किलोओहम आला, या प्रकाराला तो अगदी योग्य. म्हणजे फक्त रोध मोजून काही सिद्ध होत नाही. खालचे स्क्रू काढले तर आत काळाकुळकुळीत चुंबक. अल्निको हा लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून केलेला मिश्रधातू, त्यातून वीज वाहते. सिरॅमिक चुंबकातून वाहत नाही. चुंबकाचा पृष्ठभाग किंचित खरवडून मल्टिमीटरच्या दोन्ही पिना टेकवल्या. काही वाहिलं नाही. स्टिकर अल्निकोचा, आत सिरॅमिक.

विक्रेत्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर, “दादा, लाकूड नैसर्गिक असतं, फ्लेम आत कमी-जास्त होतेच.” गोंदाच्या रेघेचा जवळून घेतलेला फोटो पाठवल्यावर सूर बदलला. “बिल वाचा ना. एकदा करवत लागली की माल परत नाही.” त्यानंतर नंबर ब्लॉक.

सगळा धंदा या एका अटीवर उभा आहे. हा दोष कापल्याशिवाय दिसूच शकत नाही, आणि कापलं की हक्क गेला असं तो सांगतो. कारागिराला कोंडीत पकडायला हे पुरेसं आहे, आणि बहुतेक जण इथे गप्प बसत असणार. पण खोटं नाव सांगून विकलेल्या मालाला बिलावरच्या अशा ओळीने संरक्षण मिळत नाही, असं मला वकिलांनी सांगितलं, आणि मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे.

छोट्या वर्कशॉपवाल्यांना वाटतं की आपण धंद्यासाठी माल घेतला, म्हणजे आपण ग्राहक नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोजली जात नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या राज्यात जावं लागत नाही. दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पैसे घेऊन माल पाठवलाच नसेल, तर मात्र लगेच १९३० वर सायबर फसवणुकीची तक्रार करा, तिथे तासातासाला महत्त्व असतं.

खरेदी करताना माझी पद्धत आता पक्की आहे. टॉप जोडलेला घ्यायचा नाही, पुस्तकासारख्या उघडणाऱ्या दोन सुट्या फळ्या घ्यायच्या. जोडाची कड आपण स्वतः रंधून घेतो, तेव्हा व्हिनियर असेल तर गोंदाची रेघ तिथेच समोर येते. फळी घासलेली नको, करवतीची खडबडीत हवी. भाव ठरण्याआधी टोकाची एक पातळ चकती कॅमेऱ्यासमोर कापून, तीच चकती पार्सलमध्ये टाकायला सांगतो. प्रामाणिक विक्रेता ती आनंदाने देतो, त्याचं काही जात नाही. बॉडीचं लाकूड आल्यावर त्यावर तारीख आणि वजन लिहून ठेवतो. काही आठवडे वजन घटतच राहिलं तर ते ओलं आहे, मीटर काहीही सांगो. आणि बिलावर जीएसटी नंबर, लाकडाचं पूर्ण नाव आणि ‘सॉलिड’ हा शब्द लिहून घेतो. नंबर खरा आहे का ते सरकारी पोर्टलवर मिनिटात कळतं. पैसे बिलावर नाव असलेल्या खात्यातच.

शक्य असेल तेव्हा मी आता वखारीतच जातो. मिरजेचे सतारमेकर पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणारे भोपळे पिढ्यान्‌पिढ्या असेच निवडत आले आहेत, हातात घेऊन, जाडी पाहून, बोटाने वाजवून. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे माल निवडतानाची ही काटेकोर नजरही आहे असं मी मानतो. मेपल मात्र मुख्यतः बाहेरूनच येतं आणि ठळक फ्लेमचं तर स्थानिक वखारीत मिळणं कठीण, म्हणून ऑनलाइन व्यवहार पूर्ण टाळता येत नाही.

गिऱ्हाइकाला मी खाचेचा फोटो जसाच्या तसा दाखवला. त्याने मुदत वाढवून दिली. नवीन टॉप दुसऱ्या विक्रेत्याकडून, चकतीसकट आला आहे आणि काम पुन्हा सुरू आहे.

त्या विक्रेत्याचा फोटो ओळखायची खूण: मधल्या जोडाच्या उजव्या फळीवर, वरच्या टोकापाशी, आडवी तपकिरी शीर आहे आणि फळी हिरव्या कापडावर ठेवलेली आहे. असा माल तुमच्याकडे आधीच आला असेल तर मेणाला हात लावण्यापूर्वी पार्सलच्या लेबलसकट व्हिडिओ काढा, चॅट आणि यूपीआयच्या पावत्या दुसरीकडे जपून ठेवा, आणि कापून उरलेला एकही तुकडा शेकोटीत टाकू नका. आयोगात माझ्याकडून सगळ्यात आधी तेच तुकडे मागितले गेले.