भीमाशंकरच्या अंधाऱ्या रानात कार्बन ट्रायपॉड: एका हिवाळ्याचा अनुभव

दसऱ्याला हा कार्बन फायबरचा ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याची तिवई, घेतला. तेव्हापासून महाशिवरात्रीची गर्दी सुरू होईपर्यंत जवळजवळ दर दुसऱ्या रविवारी तो घेऊन भीमाशंकरला, नाहीतर जवळच्या आहुपे गावच्या देवराईत गेलो. वजन १.४ किलो, पाय चार टप्प्यांचे, लॉक पिळून बसवायचे.

हिवाळ्यात तिथं एवढा अंधार कसा, असं मित्र विचारतात. अंजनी, जांभूळ, पिसा ही झाडं बारमाही हिरवी. सागासारखी ती उघडी पडत नाहीत. त्यात डिसेंबरअखेर भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून ४७-४८ अंशांपलीकडे चढत नाही. हे तिरपं ऊन पानांच्या थरांतच अडकतं. सकाळी आठलाही खोडं काळीच दिसतात.

त्याआधीच्या हिवाळ्यात मी ५० एमएम एफ/१.८ या मोठ्या छिद्राच्या लेन्सवर भिस्त ठेवली होती. आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १६००, शटर १/६० सेकंद, कॅमेरा हातात. फोटो यायचे, पण रानाचे नाही. गारंबीचा वेल पुढच्या खोडाला पीळ घालून मागच्या चार झाडांवर जातो. माझ्या फोटोत त्याचा वीतभर तुकडा स्पष्ट आणि बाकी सगळा धूसर. तो अख्खा वेल स्पष्ट दिसायचा तर लेन्सचं छिद्र बारीक, एफ/८ हवं, म्हणजे उजेड वीसपट कमी. शटर १/३ सेकंदावर येतं. आयएसओ ४०० केला की सव्वा सेकंद. वर पोलरायझर (लेन्सपुढचा, चकाकी उतरवणारा फिल्टर) लावला की जवळजवळ पाच सेकंद. इतका वेळ कॅमेरा कोणाच्याच हातात स्थिर राहत नाही.

पोलरायझर मात्र काढू नका. अंजनीची पानं चकचकीत, त्यांच्यावर आभाळाचा पांढुरका लेप चढतो. फिल्टर हळूहळू फिरवत गेलं की तो उतरतो आणि खालचा गर्द हिरवा वर येतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता फिल्टरच फिरवत बसलो होतो.

पाच सेकंदांत पान हललं तर ट्रायपॉड काही करू शकत नाही. त्यामुळे पहाटे पुणं सोडायचं आणि वारा सुटायच्या आत, माझ्या अनुभवात नऊपर्यंत, काम उरकायचं. दोन सेकंदांचा टायमर लावतो. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर काळी खोडं बघून फोटो उजळ करतो, अंधाराची राखाडी होते. म्हणून एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा ठेवतो. फांद्यांमधली आभाळाची भोकं होता होईल तो चौकटीबाहेर.

आता ट्रायपॉडच्या खोडी. बॉलहेड (कॅमेरा बसतो ते गोल फिरणारं डोकं) घट्ट पिळला तरी उभ्या चौकटीत कॅमेरा केसभर खाली येतो, आणि मागच्या पडद्यावर ते कळत नाही. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर पाहिलं तर जानेवारीतल्या एका सकाळचे सगळे उभे फोटो खालून निसटलेले निघाले. ती सकाळ धुक्याची होती, अजून हळहळ वाटते. पालापाचोळ्यात पाय हळूहळू रुततात. तीनही पाय आधी दाबून बसवावे लागतात. मधल्या दांड्याच्या हुकाला अधांतरी पिशवी लटकवली तर ती झुलून उलट थरथर वाढते, म्हणून पिशवीचं बूड जमिनीला टेकवतो. मधला दांडा तर मी वर करतच नाही. लॉकमध्ये माती गेली की पिळताना करकर येते. महिन्यातून एकदा पाय सोडवून कोरड्या फडक्यानं पुसतो. कार्बनचा एक फायदा थंडीतच कळला: जुना अ‍ॅल्युमिनियमचा पहाटे हातात धरवत नसे, हा धरवतो.

शेकरूसाठी याचा उपयोग नाही. ते फांदीवरून फांदीवर जाईपर्यंत तुम्ही लॉकच सोडवत असता. त्याच्यासाठी जुनी एफ/१.८ लेन्सच हातात बरी, जवळ आलं तर.

पुढच्या हंगामासाठी एल-प्लेट (कॅमेऱ्याला लावायची काटकोनी पट्टी) घेतली आहे, उभ्या चौकटीत बॉलहेड वाकवायला नको. एका पायाची रबरी टोपी आहुप्याच्या पाचोळ्यात गेली. दुकानात सुटी मिळाली नाही. सध्या त्या पायाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट बांधलाय आणि तो चांगला टिकलाय.