जळगावच्या एका चित्रकर्तीकडून घेतलेले अमूर्त चित्र

बैठकीच्या खोलीसाठी तीन फूट बाय चार फुटांचे एक अमूर्त चित्र मी गेल्या उन्हाळ्यात जळगावातील एका चित्रकर्तीकडून ३५,००० रुपयांना घेतले. त्याच्यासोबत काही महिने राहिल्यावरच त्याविषयी लिहावे, असे तेव्हाच ठरवले होते.

पहिल्या भेटीला जाताना पडद्याच्या कापडाचा तुकडा मी सोबत नेला होता. त्याला शोभेल असे चित्र करून देण्याची माझी विनंती त्यांनी नम्रपणे, पण ठामपणे नाकारली. "भाऊ, रंग आधीच ठरवून टाकला तर मला करायला काय उरलं?" असे म्हणून त्यांनी चित्र होताना पाहायला बोलावले.

त्यांचे बालपण यावल तालुक्यातील केळीच्या मळ्यात गेले. घड कापताना गळणारा चीक सुरुवातीला पाण्यासारखा दिसतो, हळूहळू कपड्यावर तपकिरी होतो आणि मग कितीही धुतला तरी निघत नाही. वडिलांच्या सदऱ्यावर एकावर एक चढत गेलेले ते डाग पाहूनच, रंग लावल्याक्षणी पुरा होत नाही, तो नंतर उमटत राहतो, हे आपल्या मनात बसले, असे त्या सांगतात. पुढे कलाशिक्षक पदविका घेऊन त्यांनी शाळेत नोकरी केली आणि एलिमेंटरी, इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांकडून वर्षानुवर्षे स्थिरचित्रे व स्मरणचित्रे करून घेतली. मुंबईत वासुदेव गायतोंडे यांची चित्रे पाहिल्यावर त्या अमूर्ताकडे वळल्या. नागपुरात १९२४ साली जन्मलेले आणि जे. जे. कलाशाळेत शिकलेले गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाईफने, म्हणजे रंग लावण्या-खरवडण्याच्या बोथट पातीने, रंगाचे थर चढवत व खरवडत, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे करत. त्यांच्या चित्रांतील ती सबुरी आपल्याला सदऱ्यावरच्या डागांइतकीच ओळखीची वाटली, असे या बाई म्हणाल्या.

मे महिन्यात जळगावचा पारा ४४ अंशांवर जातो आणि ॲक्रिलिक रंगातील पाणी इतक्या झपाट्याने उडते की थर हाताळायला वेळच मिळत नाही. म्हणून त्या पहाटे पाचला कामाला बसतात. मी गेलो त्या दिवशी त्यांनी अख्ख्या कॅनव्हासवर हिरवट पिवळा रंग रोलरने पसरला आणि त्याच्यासमोर नुसत्या बसून राहिल्या. रोलर पुन्हा फिरवताना त्याचा आवाज चिकट येऊ लागला, तसा त्यांनी ओल्या फडक्याने बहुतेक रंग पुसून काढला. जो उरला तो केवळ कापडाच्या विणीत. त्यावर तपकिरी, मग जवळजवळ काळा थर आला आणि मध्ये एका जागी तो उलथन्याने खरवडला गेला. हीच जागा का, असे विचारल्यावर "हात तिथं थांबला," एवढेच त्या म्हणाल्या. हे उत्तर मला आधी अपुरे वाटले होते. आता वाटते की फुलदाणीची सावली कुठे संपते हे मुलांना दाखवण्यात ज्या डोळ्याची इतकी वर्षे गेली, तो डोळाच तो हात थांबवत असावा. ज्याला आपण अंतःप्रेरणा म्हणतो ती इथे लहरीतून आलेली नाही, ती सरावाने मुरलेली आहे, आणि म्हणूनच चित्रात एकही जागा उगाच भरलेली दिसत नाही.

उणिवाही आहेत. कबूल केलेल्या तारखेनंतर चित्र मिळायला सहा आठवडे लागले. या कामाची रीत पाहता मी ते समजू शकतो, पण फोन करून कळवायला हवे होते. चौकट स्वतः करून घ्यावी लागते. पावतीवर कॅनव्हासचा व रंगांचा तपशील नव्हता. तो मागितल्यावर मात्र त्यांनी मागच्या बाजूला स्वहस्ते लिहून दिला. खोलीतील ट्यूबलाइटच्या उजेडात गडद रंग सपाट दिसतात, तेव्हा चित्र निवडताना ते अंगणात नेऊन पाहावे. त्या आनंदाने नेऊ देतात.

सुरुवातीला मी त्या काळसर थरांत कापसाची जमीन आणि मधल्या खरवडीत तापीचे पात्र शोधत असे. ती सवय आता मोडली आहे. दुपारभर चित्र गडद आणि बंद असते; पाचच्या सुमारास ऊन समोरच्या भिंतीवरून परतून येते, तेव्हा पुसून टाकलेला तो पिवळा रंग विणीतून दिसू लागतो.